पहिली पंगत पोरींची

भागरथा गेल्या आखाडात गेली. घरात दोन माणसं होतो, आता एक आहे, आणि तो एक भात टाकताना स्वतःशीच बोलतो. नात म्हणाली, आबा, भिंतीशी बोलण्यापेक्षा लिहून काढा. मी आठवी नापास माणूस. आयुष्यात लांबलचक असं एकच लिहिलं, तलावाच्या पाण्याबद्दलचा तक्रारअर्ज, आणि त्याचं उत्तर अजून यायचं आहे. तरी लिहून राहिलो. ज्याला शुद्धलेखन पाहायचं आहे त्यानं दुसरं काही वाचावं. मला एवढंच सांगायचं आहे की माझं पोरपण कोणत्या दिवशी संपलं. तो दिवस मला ठाऊक आहे, आणि तो आमच्या मोठ्या बांधीत, धानाच्या शेतात, उजाडला.

एकोडी गावात आमचं घर म्हणजे समोर ओटा, मागे गोठा आणि मधे मायची चूल. दिवसाची सुरुवात मायच्या मुसळानं व्हायची. पहाटे ती धान कांडायची तेव्हा भिंतीला पाठ लावून झोपलेल्या माझ्या बरगड्यांत ते मुसळ वाजायचं. सकाळी रात्रीचा भात पाण्यात कालवून, वर मीठ आणि फोडलेला कांदा. दुपारी भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण. बोडीत, गावच्या लहान तळ्यात, झिंगे सापडले तर अंबाडीच्या भाजीत झिंगे, आणि त्या दिवशी घरात कोणी कोणाशी भांडत नसे. जेवायला आधी बाबा, मग गडी, मग मी. माय आणि माझी आजी शेवटी, गंजात, म्हणजे पातेल्यात, जे उरेल ते. मी कधी विचारलं नाही की काय उरते. विचारायचं असते हेच मला माहीत नव्हतं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू.

आमच्याकडे रोवणी म्हणजे बायांचं काम. बाप्यानं नांगर धरायचा, चिखल करायचा, धानाची रोपं, पऱ्हे, उपटून त्यांच्या पेंड्या बांधायच्या आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभं राहून त्या बांधीत फेकायच्या. चिखलात वाकून रोप लावणं हे बाप्याचं काम नाही. बाप्यानं एक रोप लावलं तर गाव वर्षभर हसेल. माय रोवणीच्या बायांची म्होरकी होती, आणि मी धुऱ्यावरचा पेंड्या फेकणारा. त्या साली रोवणीच्या बायांत नवीन पोरगी आली, भागरथा. शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे लहान वस्तीवरची, सातवीनंतर शाळा सुटलेली, कामाला चटपटीत आणि तोंडाला त्याहून. पहिल्याच दिवशी माझी एक पेंडी तिच्या हातात सुटून विखुरली. तिनं ती गोळा केली, तिला चिखलाचा गुंडा लावला आणि तिथूनच, खांद्यावरून, मला फेकून मारली. बरोब्बर छातीत. मी धुऱ्यावरून मागे पडलो.

"ढिल्ली बांधू नको गा," ती म्हणाली. "आमाले दोन वेळा वाकाव लागते."

सगळ्या बाया हसल्या. माझी मायही हसली. आणि रस्त्यावरून सायकलनं जाणारे बोरकर मास्तर सायकल टाकून धुऱ्यावर आले. हे मास्तर नवीन, नागपुरात कसलं तरी शिबिर करून आलेले. त्यांच्याकडे एक बॉल होता, एक इंग्रजी पुस्तक होतं आणि ते बॉल हातानं खेळायचा असतो असं सांगत फिरत. गावानं त्यांना अर्धवट ठरवलं होतं. मास्तरांनी मला उठवलं नाही, लागलं का तेही विचारलं नाही. ते भागरथेला म्हणाले, "बाई, आणखी एकदा फेक." तिनं फेकली. मी अजून उठायचाच होतो.

असा आमच्या गावात हॅन्डबॉल आला. धानामागून टाकलेली लाखोळी निघाल्यावर उन्हाळ्यात मास्तरांनी बाबांकडून मोठी बांधी मागून घेतली. बाबा म्हणाले, रिकामीच आहे, खेळा, पण धुरा फोडू नका. रोवणीच्या बायांतल्याच सात पोरी मास्तरांनी निवडल्या. त्यात भागरथा, आणि तिच्या डाव्या हाताला नेहमी रोवणारी कौसल्या. जाळी नव्हती, बांबूचे दोन खांब. रेघा मारायला मायच्या चुलीची राख. पुस्तकातल्या चित्रात गोलासमोर दोन कमानी काढलेल्या होत्या. मास्तरांनी चित्र पाहून दोर धरला, मी राख टाकत गेलो, आणि ठरलं की ह्या बाहेरच्या कमानीच्या आत पाऊल पडलं की गुन्हा. कमान फार लांब वाटली. पण पुस्तकात आहे म्हटल्यावर कोण बोलणार.

दुसरी गंमत अशी की बॉल जमिनीवर आपटत पळायचं असते, हे मास्तरांनी शिकवलं खरं, पण आमची जमीन धानाची. धसकटं, ढेकळं, हात जाईल एवढ्या भेगा. बॉल आपटला की तो उजवीकडे जायच्या ऐवजी मास्तरांच्या तोंडावर यायचा. चार दिवसांत पोरींनी टप्पा सोडून दिला. तीन पावलं आणि फेक. जिच्याकडे फेकायचं तिच्याकडे पाहायचंही नाही, कारण रोवताना कोण पाहते? डाव्या हाताला कौसल्या आहे हे भागरथेच्या पाठीला माहीत होतं. मी जाळी नसलेल्या गोलामागे उभा राहून बॉल आणून द्यायचो. पहिल्या महिन्यात मला वाटे मी उपकार करून राहिलो. दुसऱ्या महिन्यात कळलं की मला दुसरीकडे कुठं जायचंच नाही.

पावसाळा लागला आणि मास्तर वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर आले. पेपर एक दिवस शिळाच यायचा. त्यांनी वाचून दाखवलं की दूर देशात ऑलिम्पिक भरून राहिलं आहे आणि त्यात बायांचा हॅन्डबॉल पहिल्यांदाच ठेवला आहे. फोटोही होता, एक बाई हवेत, हातात बॉल, खाली दोघी आडव्या. मास्तरांनी सगळी कहाणी सांगितली. युरोपात बाया हा खेळ आधी मोठ्या मैदानावर अकरा-अकरा जणींनी खेळत. तिकडे थंडी फार, म्हणून तो छपराखाली आला आणि सात-सात जणींचा झाला. बायांचा जगाचा चषक कितीतरी वर्षांपासून होतो. ऑलिम्पिकवाल्यांनी मात्र बाप्यांचा खेळ मागच्याच खेपेला घेतला आणि बायांना आत्ता बोलावलं, तेही सहाच देशांना.

भागरथा ओट्याखाली उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे तिकडंही बाप्येच आधी जेवते. आन् मंग सहाच पानं."

बाबा आत जेवत होते. त्यांचा घास थांबलेला मला दिसला. त्यांना लागलं होतं.

त्याच आठवड्यात भंडाऱ्याला जिल्ह्याचा मेळावा ठरला. गावोगावच्या मुली, शाळेत असो नसो, आणि त्यात हॅन्डबॉलही. आमच्या पोरींचं नाव मास्तरांनी धाडलं. ज्या टीमला जिल्ह्याची ढाल मिळेल तिला पुढं नागपूरला नेणार होते, आणि मास्तरांना शाळेकडून दोन बॉल आणि जाळी मिळणार होती. हरलो तर, मास्तरांना शाळेत सांगून ठेवलं होतं, हा तमाशा बंद. आणि मेळाव्याचा दिवस निघाला नेमका तो, ज्या दिवशी तलावाचं पाणी आमच्या पाळीत होतं.

ज्यानं तलावाखाली शेती केली नाही त्याला हे समजणार नाही. पावसानं डोळे वटारले होते, पाणी पाळीपाळीनं सुटायचं. आमची पाळी एक दिवसाची. आदल्या दिवशी पऱ्हे उपटून ठेवलेले, त्यांची मुळं उघडी. त्या दिवशी मोठी बांधी रोवली नाही तर पऱ्हे मेले आणि बांधी पडीक. रोवणाऱ्या बाया पंधरा, त्यातल्या सात जाणार भंडाऱ्याला. बाबांनी साफ नाही म्हटलं. मास्तर समजवायला आले तर त्यांना म्हणाले, मास्तर, तुमचा पगार पाण्यावर येत नाही, माझा येते. बोलायची माझी हिंमत नव्हती. बोलली ती भागरथाच, परक्या घरची पोरगी, बाबांच्या समोर उभी राहून.

"बस दहाची आहे, काकाजी. दहाच्या आधी बांधी रोवून देलो तर?"

"आन् नाही झाली तर?"

"तर आमी जात नाही. बॉल तुमच्या विहिरीत टाका."

बाबा म्हणाले, एक कोपराही उरला तर कोणी बसमधे बसणार नाही. ती म्हणाली, बरं.

झुंजुमुंजू होताना आम्ही बांधीत होतो. रोजची रीत अशी की पेंड्या आधी बांधीभर टाकून द्यायच्या, मग बाया रोवत रोवत येतील तशा उचलतील. त्यात वाकणं, शोधणं, मागे जाणं फार. मी त्या दिवशी रीत मोडली. एकही पेंडी पाण्यात टाकली नाही. जिची मूठ संपेल तिला नावानं हाक मारायची आणि तिच्या डाव्या हातात फेकायची. ती वर न पाहता झेलायची आणि उजवा हात रोवतच राहायचा. आठवडाभर ढिल्ली बांधणारा मी, पण आदल्या संध्याकाळी एक एक पेंडी दातानं गाठ ओढून बांधली होती. बाया गाणं म्हणत होत्या, मग दम लागला आणि गाणं थांबलं, नुसता चिखलाचा आवाज, चुबूक चुबूक, पंधरा जणींचा एकच. माझा खांदा बधिर झाला. बाबा पलीकडच्या धुऱ्यावर फावडं टेकून उभे. त्यांनी असा वेग कधी पाहिला नव्हता, मीही नाही, आणि नंतरही कधी पाहिला नाही.

तरीही कोपरा उरला. ईशान्येचा, चार खाटा मावतील एवढा. सडकेवर बसचा हॉर्न वाजला आणि सगळ्याजणी जागच्या जागी थांबल्या. कौसल्या रडायला लागली. भागरथा रडली नाही. तिनं हातातली पेंडी खाली ठेवली, बाबांकडे पाहिलं आणि म्हणाली, "ठरलं ते ठरलं." आणि परत वाकली, रोवायला.

बाबांनी फावडं धुऱ्यात रोवलं. धोतर गुडघ्याच्या वर खोचलं. मग, मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं, ते बांधीत उतरले, तिच्या पुढ्यातली पेंडी उचलली आणि वाकून रोप लावलं. एक. मग दुसरं. बाया तोंडावर पदर घेऊन पाहत राहिल्या. बाबा वर न पाहता म्हणाले, "कोपरा माझ्याकडं लागला. जा वो पोरीहो, बस काय तुमच्या बापाची आहे?"

आम्ही पळालो. पोरींच्या पिंढऱ्यांना चिखल, परकर कंबरेला खोचलेले, माझ्या हातात मायनं बांधून दिलेलं भाकरीचं फडकं. कंडक्टर म्हणाला, गाडी खराब होईल. भागरथा म्हणाली, दादा, पुसून देऊ. खिडकीतून मागे पाहिलं. माझा बाप पंधरा मिनिटांआधीपर्यंत गावातला सर्वात ताठ माणूस होता, आणि आता बायांच्या रांगेत वाकलेला होता.

भंडाऱ्याचं मैदान मुरुमाचं, चोपून सपाट केलेलं. समोर शहरातली टीम, पांढरे बूट, सारख्या रंगाचे कपडे, बाकावर बदलीच्या आणखी पाच जणी. आमच्या सातच, अनवाणी. त्यांनी बॉल आपटत आपटत असा पळवला की आमच्या पोरी बघतच राहिल्या, जसं कोणी जादू करून राहिलं. पंचानं पोरींना विचारलं, बदली खेळाडू कुठं आहेत. भागरथा म्हणाली, रोवणीवर.

पहिला अर्धा भाग आम्ही मागे होतो. आमच्या पोरी लांबूनच बॉल मारत. कमानीजवळ आल्या की खुंट्याला दोर लागल्यासारख्या थांबत. शेवटी पंचालाच राहवलं नाही. मध्यंतरात तो मास्तरांना म्हणाला, तुमच्या मुली तुटक रेघेपाशी का थांबतात? ती रेघ दुसऱ्याच कामाची आहे. ज्यात पाय टाकायचा नाही ती आतली, सहा मीटरची. मास्तरांनी पुस्तक काढलं, चित्र पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग आमच्या राखेसारखा झाला. उन्हाळाभर आम्ही चुकीच्या कमानीवर राख टाकली होती. सात पोरी चार महिने नऊ मीटरवरून मारत होत्या.

मला वाटलं भागरथा त्यांना सोडणार नाही. तिनं मास्तरांकडे पाहिलं, गोलाकडे पाहिलं, सहाच्या रेघेपाशी जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "एवढ्या जवळून? एवढ्या जवळून तर माझी आजीबी मारंल."

दुसरा अर्धा भाग मी सांगायला बसलो तर जेवण करपेल. बॉल त्यांच्या गोलवालीला दिसत नव्हता एवढंच सांगतो. त्या टप्पा मारत यायच्या, आणि टप्पा म्हणजे बॉल क्षणभर कोणाच्याच हातात नसणं. तेवढ्यात आमची एखादी तो उचलून न्यायची. आमचा बॉल मात्र जमिनीला लागतच नव्हता. भागरथा, कौसल्या, परत भागरथा, जशा पेंड्या. मैदानाच्या कडेला आधी आमच्या अनवाणी पायांना हसणारी पोरं आता आमच्या बाजूनं ओरडत होती. शेवटी बरोबरी झाली आणि पंच घड्याळ पाहू लागला. बॉल भागरथेकडे आला. समोर दोघी हात वर करून भिंत झाल्या. तिसरी मागून. तीन पावलं संपली. पेपरातल्या फोटोतली बाई असती तर उडाली असती. भागरथा उडाली नाही. तिनं समोर पाहत डावीकडे, न पाहता, फेकला. तिथं कौसल्या होती. कौसल्या तिथंच असते. तिनं एका हातानं झेलला आणि त्याच हातानं मारला.

शिट्टी वाजली तेव्हा मी कोणाला मिठी मारली ते आठवत नाही, बहुतेक पंचाला. मास्तर पुस्तकात तोंड खुपसून रडत होते. ढाल लाकडाची होती, पितळेचा पत्रा ठोकलेला, आणि ती भाकरीच्याच फडक्यात बांधून मी आणली. परतीच्या बसमधे भागरथा माझ्या पुढच्या सीटवर बसली. मागे न वळता म्हणाली, "आज एकबी ढिल्ली नव्हती." दुसऱ्या कोणाला ह्या वाक्यात काही आहे असंही वाटलं नसतं. मला तिथंच कळलं की आता माझं पोरपण संपलं.

रोवणी संपली की मालकानं गड्यांना जेवू घालायचं ही आमच्यात रीत आहे. दुसऱ्या दिवशी अंगणात वडे, भात, वरण आणि तांदळाची खीर. पत्रावळी मांडल्या आणि रोजच्यासारखे नांगरवाले बाप्ये पाटावर जाऊन बसले. बाबा पाण्याचा लोटा घेऊन आले आणि उभे राहिले. म्हणाले, उठा. कोणाला समजलं नाही. बाबांचा मोठा भाऊ म्हणाला, काहून गा, काही चुकलं का? बाबा म्हणाले, "माझ्या कोपऱ्यातल्या ओळी जाऊन पहा, कशा वाकड्या आहेत. त्या पोरींच्या पहा. मंग सांगा कोणी आधी जेवाचं." बाप्ये उठले. एक जण कुरकुरला, पण उठला. सात पोरी आणि आठ बाया बसल्या, माझी मायही त्यात. तिला बसताच येईना, सारखी उठून वाढायला जाई. शेवटी बाबांनी तिच्या पानावर खीर वाढली आणि तिथंच उभे राहिले, ती खाईपर्यंत. त्या कोपऱ्यातलं वाकडं धान कापणीपर्यंत सडकेवरून दिसे, आणि बाबा येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतः दाखवत.

नागपूरला आमच्या पोरी हरल्या. ते मी लिहिलं नाही तर भागरथा वरून शिव्या देईल. पण बॉल आले, जाळी आली, आणि बाबांनी पुढच्या साली त्या बांधीत लाखोळी टाकली नाही, हिवाळ्यातही खेळता यावं म्हणून. रशियाच्या बाया ऑलिम्पिकात पहिल्या आल्या ते मास्तरांनी वाचून दाखवलं. भागरथेनं हवेतल्या बाईचा तो फोटो भाताच्या पेजेनं भिंतीला चिकटवला. आमचं लग्न झालं तेव्हा ती तो खरवडून सासरी घेऊन आली, आणि वाळवी लागेपर्यंत तो आमच्या चुलीवरच्या भिंतीला होता. पुढे नातीच्या मोबाइलवर आम्ही दोघं मिळून पाहायचो, कोरियाच्या बायांचे जुने सामने, डेन्मार्कच्या, नॉर्वेच्या. त्या हाताला काही चिकट लावतात, बॉल सुटू नये म्हणून. ती म्हणायची, आमी चिखल लावत होतो, फुकटचा. पॅरिसच्या ऑलिम्पिकचा शेवटचा सामना तिनं खाटेवर पडून पाहिला. नॉर्वेच्या बाया जिंकल्या. तिच्यानं बसवत नव्हतं, पण नऊ मीटरवरून एकीनं गोल मारला तेव्हा तिनं माझं मनगट धरून दाबलं. हातात जोर होता अजून. शेवटचं वर्षभर मी तिला आधी भरवायचो आणि मग जेवायचो. ती म्हणायची, बाबांनी चांगलं वळण लावलं तुमाले.

तिच्या तेरवीला पोराच्या सासरकडचे लोक पंगतीला आधी बसायला निघाले. मी सांगितलं, थांबा, ह्या घरात पहिली पंगत बायांची असते, ज्याला घाई आहे त्यानं हॉटेलात जावं. सातातल्या तिघी उरल्या आहेत. त्यांना मी मधोमध बसवलं आणि स्वतः वाढलं. कौसल्येला आता एका डोळ्यानं दिसत नाही, हात कापतात, घास तोंडापर्यंत जाईस्तोवर अर्धा सांडतो. तिनं निंबाची फोड मागितली. टोपली माझ्या हातात, पण मी ओसरीच्या ह्या टोकाला होतो, मधे चाळीस माणसं.

"फेक गा," ती म्हणाली. मान तिनं वर केली नाही. भात कालवत होती.

मी अख्खं निंबू उचललं आणि फेकलं, तिच्या डाव्या हाताला. तो हात कापत कापत वर आला आणि बंद झाला. निंबू जमिनीला लागलं नाही.